डिस्टिल्ड वॉटरमधले 31

मंगळवारी संध्याकाळी फील्ड ब्लँकचं नायट्रेट 31 आलं आणि माझे हातपाय गार पडले. ब्लँक म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या काठावर ते नमुन्याच्या बाटलीत ओतायचं, नमुन्यात घालतो तेच ॲसिड घालायचं आणि त्याच बर्फाच्या पेटीत ठेवायचं. त्यात नायट्रेट सापडताच कामा नये. पिण्याच्या पाण्याची मर्यादाच 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे.

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडच्या 12 विहिरी आम्ही एका दिवसात घेतल्या होत्या. केळीचा पट्टा. ड्रिपमधून युरिया सतत जात असतो, त्यामुळे इथे नायट्रेट 70-80 आलं तरी कुणी भुवई उंचावत नाही. धोका नेमका तिथेच होता. ब्लँक नसता तर ते आकडे मीही डोळे झाकून मान्य केले असते.

पेटीत आणखी एक ब्लँक होता, लॅबमधून बंद करून नेलेला आणि न उघडता परत आणलेला. तो स्वच्छ निघाला. म्हणजे बाटल्या ठीक, पाणी ठीक, मशीन ठीक. जे बिघडलं ते विहिरीवर, आमच्या हातून.

धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालतात, नायट्रेट तपासायच्या बाटलीत सल्फ्युरिक. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. तीव्र नायट्रिकचा एक थेंब लिटरभर पाण्यात पडला की तेवढ्यानेच नायट्रेट 45 च्या पुढे जातं. आमच्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या, म्हणजे 31 यायला थेंबाचा तिसरा हिस्सा पुरे. मदतनीस पोराला विचारलं. दुपारी एक ड्रॉपर फुटला होता, मग त्याने उरलेल्या एकानेच दोन्ही ॲसिडं घातली. कितव्या विहिरीपासून, ते त्याला आठवेना. त्याला मी बोललो नाही. जादा ड्रॉपर पेटीत टाकणं माझं काम होतं.

साहेब म्हणाले, "31 वजा करून टाका ना सगळ्यांतून." हे ऐकलं की माझा तोल जातो. ड्रॉपरच्या काचेला चिकटलेलं ॲसिड प्रत्येक बाटलीत सारखं उतरतं का? ब्लँक आपली चूक दाखवतो, ती पुसायला तो नसतो. दोन दिवस वाद घातला, तेव्हा फेरनमुन्यांना गाडी मिळाली.

या वेळी प्रत्येक बाटलीचं ॲसिड लॅबमध्येच मोजून छोट्या कुपीत भरलं. पंप चालू करून ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, तीनदा सारखी येईपर्यंत थांबलो, मगच बाटली धरली. दर तीन विहिरींमागे एक ब्लँक घेतला. चारही स्वच्छ. एका विहिरीचा पहिला आकडा 58 होता. साहेबांच्या हिशेबाने 27, म्हणजे बिनधास्त प्या. फेरनमुन्यात 56 आले.

आणि एक मावशींची विहीर. पहिल्यांदा 83. आम्हाला पुन्हा पाहून त्या म्हणाल्या, "परत कसाले उनात, भाऊ?" खरं सांगितलं की मागच्या वेळी आमचं चुकलं. त्यांचा चार महिन्यांचा नातू वरच्या दुधावर आहे. "पानी उकळीसन देस मी," त्या म्हणाल्या. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट वाढतं, आणि एवढ्या लहान बाळाच्या रक्तात ते प्राणवायू वाहू देत नाही. हे मी विहिरीवर उभा राहून तीनदा सांगितलं. पावडर कालवायला दुसरं पाणी घ्या म्हटलं. त्या विहिरीचा नमुना आणि डुप्लिकेट, म्हणजे तिथेच घेतलेला जोडनमुना, 49 आणि 43 आले. दोघांतला फरक 13 टक्के, आमच्या नियमात बसणारा, पण मर्यादेची रेघ बरोबर मधून जाते. सरासरी काढून 46 लिहा, असं सुचवलं गेलं. मी दोन्ही आकडे लिहिले आणि खाली बाळाबद्दलची सूचना लिहिली.

मागच्या मे महिन्यातल्या फेरीत आम्ही ब्लँक घेतलाच नव्हता. वेळ नाही, बाटल्या कमी, असंच काहीतरी कारण होतं. त्या 16 विहिरींच्या रिपोर्टवर माझी सही आहे. फाइल काढून टेबलावर ठेवली आहे आणि सोमवारसाठी गाडी मागितली आहे.