चाकांवरची हॉकी
रविवार, १७ जुलै २०१६, पोर्तु

गेल्या रविवारी फुटबॉलची युरो जिंकल्यावर हे शहर पहाटेपर्यंत झोपलं नव्हतं. काल रात्री पोर्तुगाल पुन्हा युरोपचा विजेता झाला. गाड्यांचे हॉर्न वाजले, पण मोजून पाच मिनिटं. कालचा खेळ होता 'हॉकी एम पाटिन्स', म्हणजे चार चाकांच्या बुटांवरची हॉकी.

मी गेलो होतो खालच्या कॅफेत, सिंबालिनु प्यायला. इथे एस्प्रेसोला तेच म्हणतात. कोपऱ्यातल्या टीव्हीवर अंतिम सामना, इटलीशी. तोही इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या ऑलिवैरा द आझेमैशमध्ये. समोर एकटेच आजोबा. मला बघून विचारलं, ''गोवा?'' मी नेहमीचं उत्तर दिलं, गोव्याच्या जरा अलीकडे, सावंतवाडी. गोवा हा शब्द ऐकला की इथल्या म्हाताऱ्यांना बाकीचा भूगोल लागत नाही. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली.

पहिली दहा मिनिटं मला चेंडूच दिसला नाही. मुठीएवढा, कडक चेंडू, चाळीस मीटर बाय वीस मीटरची फरशी, भोवती कठडा. चेंडू कठड्यावर आपटून परत येतो, म्हणून खेळ थांबतच नाही. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू, त्यातला एक गोलकीपर. त्याची बसण्याची तऱ्हा बघून मला आमच्या घरची विळी आठवली. गोल जेमतेम १०५ सेंटिमीटर उंच, त्यामुळे हा बुवा उभा राहतच नाही. पूर्ण वेळ उकिडवा, पायांच्या पॅडची भिंत करून. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव असं बसायचं! आमच्या पंगतीत वाढताना माझे गुडघे बोलायला लागतात.

आजोबांनी फाउलची भानगड समजावली. संघाचे मिळून दहा फाउल झाले की समोरच्याला थेट फटका, मध्ये फक्त गोलकीपर. त्यामुळे नवव्या फाउलनंतर सगळेच सभ्य होतात. हे फार आवडलं. एकाची चूक सगळ्यांच्या खात्यात.

आजोबा वाढले मोझांबिकमध्ये, लोरेन्सु मार्क्सला, आजचं मापुतो. लहानपणी सामने रेडिओवर ऐकायचे. फेर्नांडु आद्रियाँव तिथलाच, पोर्तुगालकडून खेळला, हे त्यांनी तीनदा सांगितलं. पोर्तुगालचा या खेळातला मोठा खेळाडू लिव्हरामेंतु, त्याचं नाव मात्र एकदाच, हळू आवाजात. तो १९९९ मध्ये गेला.

रात्री वर येऊन जरा वाचलं. ही स्पर्धा १९२६ साली इंग्लंडमधल्या हर्न बेला सुरू झाली, आणि १९३९ पर्यंतच्या सगळ्या बारा स्पर्धा इंग्लंडने जिंकल्या. नंतर महायुद्ध. १९४७ मध्ये लिस्बनला पोर्तुगाल जिंकलं आणि इंग्लंड जे मागे पडलं ते पडलंच. खेळ लावून द्यायचा आणि आपण मागे पडायचं ही साहेबाची खोड जुनीच. पुण्यात बॅडमिंटनचे नियम बसवणारेही तेच ना. २००० ते २०१२ सलग सात वेळा स्पेन, २०१४ ला इटली. पोर्तुगालला शेवटचं जेतेपद मिळालं होतं १९९८ मध्ये. आजोबा काल का रडले ते तेव्हा कळलं.

तेही सगळं ६-२ झाल्यावर, शिट्टी वाजायच्या आधीच. मी उगाच बोलून गेलो, ''पण हा खेळ खेळतात तरी किती देश?'' डोळे पुसत ते म्हणाले, ''तुमच्याकडे असा एखादा खेळ नाही?'' कबड्डी सांगायला गेलो. श्वास रोखून धावायचं, कबड्डी-कबड्डी म्हणत राहायचं, हे मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगताना मलाच हसू येईना. ते मात्र गंभीरपणे ऐकत होते. मग विचारलं, ''आणि चाकं?'' नाहीत म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं.

सकाळी आईला फोनवर सांगितलं.

''चाकांवर? मग पडत नाहीत?''

''पडतात की.''

''हं,'' म्हणाली. कालपासून लाइट नाही, पन्हळ गळतेय, आणि पोफळीचं एक झाड गोठ्यावर आलंय.