तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांची साखर बंद करू का?

कॅन्सरच्या रुग्णांचा आहार ठरवणं हे माझं काम. आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच: "मॅडम, कॅन्सर साखरेवर जगतो ना? मग बाबांची साखर बंद करू का?" विचारणारी बहुतेक वेळा लेक किंवा सून असते, आणि साखर तिने आधीच बंद केलेली असते.

प्रश्न पोकळ नाही. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकातच दाखवलं होतं की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज भराभर ओढतात आणि त्याचं लॅक्टेट करून टाकतात. शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन चालतो तो यावरच. ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि तासभर शांत पडून राहायला सांगतात. शांत का? तर हातपाय हलवले की स्नायूच ते द्रव्य ओढून घेतात आणि चित्र बिघडतं.

माझं सगळं उत्तर या स्नायूंपाशी आहे.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. वय वाढतं तसे ते झिजतात आणि पोटाच्या आत चरबी साठते. साखर उचलणारं गिऱ्हाईक घटलं की स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. इन्सुलिन नुसती साखर हलवत नाही, पेशींना वाढायलाही सांगतं. साठ-सत्तर वर्षांत डीएनएमध्ये चुका साचलेल्याच असतात. अशा पेशींच्या ते पथ्यावर पडतं. बायकांची पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून त्या वयात लठ्ठपणामुळे स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

"आमच्यात कुणी लठ्ठ नाही हो," असं पुष्कळजण म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपला काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

आता साखर तोडण्याबद्दल. मागे एक निवृत्त मास्तर आले होते, वय 72, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. लेकीने दोन महिने भाकरी, भात, केळं, चहातली साखर, सगळं बंद केलं होतं. वजन सहा किलोंनी उतरलेलं. नमस्कार करायला त्यांनी हात वर केले तेव्हा मनगटावरचं घड्याळ सरकत कोपरापर्यंत गेलं. अशक्तपणामुळे केमो पुढे ढकलावी लागली होती.

लेकीने हे सगळं मायेपोटी केलं होतं, त्यामुळे सांगताना माझाही जीव तुटत होता. मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. ताटातून आलं नाही तर यकृत ते बनवतं, आणि त्यासाठीची प्रथिनं स्नायूंतून येतात. म्हणजे रक्तातली साखर काही संपत नाही, गाठ उपाशी राहत नाही, झिजतो तो माणूस. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायलाच हवी, गोड पेयं आणि मिठाई सोडलेली कधीही चांगली; पण उपासमार ही वेगळी गोष्ट.

मूत्रपिंड ठीक असेल तर अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. मास्तरांचं वजन 54 किलो. मी हिशेब मांडला तशी लेक वहीत लिहून घेत होती: अंडी, दही, पनीर, डाळी, शेंगदाण्याचं कूट.

"मग आज रात्री काय करू?"

"मुगाची धिरडी, वर दही. भाकरी परत सुरू करा. आणि जेवण झालं की हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत चालवा."

मास्तर इतका वेळ गप्प होते. त्यांनी हळूच विचारलं, "आणि चहा?"

"एक चमचा साखर घाला," मी लेकीला म्हटलं.