सांगली ते सॅजिटेरियस ए स्टार: उडी सोपी, ब्रेक अवघड

पावसाळ्यात सांगलीकर दोन आकडे बघत बसतो, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आणि कोयनेचा विसर्ग. यंदा मी तिसरा धरला होता: ‘एलिट डेंजरस’ या अवकाशप्रवासाच्या गेममध्ये आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत, म्हणजे सॅजिटेरियस ए स्टार या कृष्णविवरापर्यंत उरलेलं अंतर. सूर्यापासून तिथवर सुमारे २६,००० प्रकाशवर्षं. २०१४ साली आलेल्या या गेममध्ये आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केलीय, ४०० अब्जांच्या आसपास तारासंस्था. ते केंद्र आकाशात धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या जवळ येतं. आषाढात ढगांमुळे गच्चीवरून काही दिसत नाही, तर म्हटलं जहाजानेच जाऊ.

जाणाऱ्यांनी आधी प्रवासाची रीत समजून घ्यावी. जहाजाला तीन चाली आहेत. साधं इंजिन स्टेशनच्या आसपास फिरायला. त्यानंतर सुपरक्रूझ, म्हणजे फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह जहाजाभोवतीची जागाच आवळतं आणि एका तारासंस्थेच्या आत प्रकाशाच्या २,००१ पटींपर्यंत वेग मिळतो. आणि तिसरी हायपरस्पेस उडी, एका ताऱ्याकडून थेट दुसऱ्याकडे. गंमत अशी की उडीला काहीच कसब लागत नाही. मार्ग नकाशात आखा, नाक ताऱ्याकडे वळवा, ड्राइव्ह चार्ज करा, उलटे आकडे मोजून झाले की गेलात. सगळी कसरत पोहोचल्यावर.

कारण उडी संपते ती नेहमी त्या संस्थेच्या मुख्य ताऱ्याच्या पुढ्यात. हायपरस्पेसचा बोगदा संपतो, धाडकन आवाज होतो आणि पडदाभर आगीचा गोळा. भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसणाऱ्यांनी तो उडीच्या वेळी बाजूला ठेवावा. बोगद्यात असतानाच थ्रॉटल (वेगाचा दांडा) शून्यावर आणा, ही सवय बाकी सगळ्या महागड्या सामानापेक्षा जास्त कामाची. ताऱ्याच्या फार जवळ गेलात तर जहाज सुपरक्रूझमधून फेकलं जातं आणि ड्राइव्हला मार बसतो.

सुपरक्रूझमध्येही तेच. ग्रह, तारे जवळ आले की वेग आपोआप आवरतो, पण पुरेसा नाही. खंबाटकी उतरताना ड्रायव्हर उतार लागायच्या आधीच गिअर टाकतो, तसं इथे करायचं: पडद्यावर पोहोचायची वेळ सात सेकंद दिसली की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर. त्या निळ्या पट्ट्यात ठेवलंत तर जहाज सुबक थांबतं. नाही ठेवलंत तर स्टेशनला वळसा घालून परत यायचं. सुपरक्रूझ असिस्ट नावाचं मॉड्यूल हे सगळं स्वतः करतं, पण हाताने शिकलेलं बरं.

(हटन ऑर्बिटल नावाचं स्टेशन अल्फा सेंटॉरीमध्ये मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षांवर आहे. साध्या सुपरक्रूझने जायला तासाभराहून जास्त लागतो. तिथे फुकटात अ‍ॅनाकोंडा हे महागडं जहाज मिळतं असं सांगून नव्या पोरांना पिटाळायची जुन्या खेळाडूंची खोड आहे. जहाज मिळत नाही. मिळतो तो प्यायचा मग.)

जहाज म्हणाल तर डायमंडबॅक एक्सप्लोरर पुष्कळ झालं. स्वस्त आहे, पल्ला चांगला आहे, आणि मुख्य म्हणजे तापत नाही. ड्राइव्ह ए दर्जाचं घ्या, बाकी शक्य ते सगळं डी दर्जाचं, कारण तेच सगळ्यात हलकं. वजन घटलं की उडी लांबते. ५० प्रकाशवर्षांचा पल्ला असेल तर केंद्रापर्यंत सरळ गेलात तरी ५२० उड्या येतात, हे आधीच डोक्यात ठेवा. गेम एकट्याने खेळलात तरी इंटरनेट लागतंच, म्हणून पावसाळ्यात राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

इंधन ताऱ्यांकडूनच मिळतं. फ्युएल स्कूप लावून ताऱ्याच्या कडेकडेने जहाज न्यायचं. मला सगळ्या गेममध्ये हेच जास्त आवडतं. डावीकडे उकळती कड, स्कूपचा घर्र आवाज, टाकीचा पट्टा हळूहळू वर आणि तापमानाचा काटाही वर. ७० टक्क्यांच्या आत खेळवत राहा. शंभरी ओलांडली की जहाज आतून भाजायला लागतं. पण प्रत्येक तारा इंधन देत नाही. देतात ते ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम वर्गाचे. नकाशात तेवढेच निवडून फिल्टर लावून ठेवा.

मिरजेच्या माझ्या मावसभावाने फिल्टर लावला नव्हता. एका रात्री त्याचा फोन.

“दादा, टाकी पाक संपत आलीय, आणि समोर नुसतं जांभळट काहीतरी.”

“ब्राउन ड्वार्फ असणार, त्यातून इंधन मिळत नाही. हलू नकोस. सरळ मेन्यूत बाहेर ये.”

“आणि?”

“फ्युएल रॅट्सना हाक मार.”

हे खेळाडूंचंच पथक आहे, अडकलेल्यांना फुकट इंधन पोहोचवतं. मेन्यूत बाहेर यायचं ते ऑक्सिजनसाठी. टाकी रिकामी झाली की वीज जाते आणि मग लाइफ सपोर्टच्या दर्जानुसार हाती ५ ते २५ मिनिटं उरतात. बाहेर असताना ती वाया जात नाहीत. त्याची सुटका झाली. आता तो मला फिल्टरवर व्याख्यान देतो.

उड्या कमी करणारा न्यूट्रॉन ताऱ्यांचा हमरस्ता हवाच असेल तर ऐका. त्यांच्या ध्रुवांतून निघणाऱ्या झोताच्या टोकाकडच्या भागात शिरलं की ड्राइव्ह भारलं जातं आणि पुढची उडी चौपट लांब होते. श्वेत बटूच्या झोतात दीडपटच, आणि धोका जास्त. तिकडे फिरकू नका. झोतात जहाज गदागदा हलतं, तरी घाबरून ताऱ्याच्या दिशेने नाक वळवायचं नाही. प्रत्येक वेळी ड्राइव्ह थोडं झिजतं, म्हणून एएफएमयू हे दुरुस्तीचं यंत्र बरोबर असावं. दुरुस्तीसाठी ड्राइव्ह बंद करावं लागतं, तेव्हा आधी साध्या अवकाशात उतरा, सुपरक्रूझमध्ये असताना बंद करू नका. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हा रस्ता घेऊच नये. वेळ वाचतो, पण वाटेत काही बघितलं जात नाही, आणि ज्या संस्थेत कोणीच गेलेलं नाही तिथे आपलं नाव लागण्याची मजाही जाते.

केंद्रावर काय आहे? मधोमध काळं वर्तुळ, आणि त्याच्या कडेने मागचे तारे वाकून ताणले गेलेले. जहाज हळूहळू फिरवलं की तारे त्या कडेवरून घसरत जातात. झोत नाही, ज्वाळा नाहीत, काहींना ‘एवढंच?’ वाटतं. मला नाही वाटलं. कृष्णविवर इंधन देत नाही, म्हणून आधीच्या ताऱ्यावर टाकी भरून घ्या.

लगेच परत फिरू नका. जवळच एक्सप्लोरर्स अँकरेज हे स्टेशन आहे, २०१९ च्या मोठ्या खेळाडू-मोहिमेतून उभं राहिलेलं. वाटेत ताऱ्या-ग्रहांची जमवलेली सगळी माहिती तिथे विका. जहाज फुटलं तर विमा जहाजाच्या किमतीच्या ५ टक्क्यांत नवं देतो, पण न विकलेली माहिती जाते ती जातेच. शिवाय तिथे डॉक केल्यावर पुढे काही झालं, तर सुरुवात तिथूनच होते, पृथ्वीजवळून नाही.