जिल्ह्याचा आकडा आणि जिल्ह्यातला माणूस

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीला हिशेब लिहिण्यासाठी अर्धवेळ माणूस हवा होता आणि आलेल्या अर्जांपैकी एक मोखाडा तालुक्यातल्या मुलीचा होता. समितीतले एक ज्येष्ठ सभासद लगेच म्हणाले, "अहो, तिकडे साक्षरता किती कमी आहे!" तालुक्याविषयी ते चुकीचे बोलले नव्हते, परंतु अर्जाला एम.कॉम.ची गुणपत्रिका जोडलेली होती आणि ती कोणी उलटून पाहिली नव्हती. मीही नाही.

प्रदेशाच्या आकड्यावरून तिथल्या व्यक्तीविषयी अनुमान काढण्याच्या या चुकीला 'इकॉलॉजिकल फॅलसी' म्हणतात. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1950 मध्ये ती 1930च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवून दिली. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जिथे जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती आणि राज्यवार सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत वाढतात (अधिक) की एक वाढताना दुसरी घटते (उणे) हे सांगणारा उणे 1 ते अधिक 1 मधला आकडा, उणे 0.53 होता. त्यावरून स्थलांतरितच अधिक शिकलेले असावेत, असे कोणालाही वाटले असते. व्यक्तिवार नोंदींवरून काढलेला सहसंबंध मात्र अधिक 0.12 निघाला, म्हणजे निरक्षरता स्थलांतरितांमध्येच थोडी जास्त होती. जिथले स्थानिक रहिवासी अधिक साक्षर होते, अशा राज्यांत ही मंडळी जास्त करून स्थायिक झाली होती, त्यामुळे शेजाऱ्यांचे शिक्षण त्यांच्या नावावर जमा झाले. आकडा थोडाफार चुकणे समजू शकते. चिन्हच उलटावे, हे मला आजही अस्वस्थ करते.

आपल्याकडे तर हद्दही स्थिर नाही. 2011च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची साक्षरता 84.53 टक्के होती आणि त्या एका आकड्यात नौपाडा, वाशी, जव्हार, मोखाडा सारेच होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि मोखाडा तिकडे गेला. 2011च्याच नोंदी नव्या हद्दींप्रमाणे मांडल्या, तर एकाही माणसाने एक अक्षर नवे शिकलेले वा विसरलेले नसताना त्या मुलीच्या 'जिल्ह्याची' साक्षरता बदलते. नवी मुंबईत बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि लगतचे खारघर रायगडात आहे, तिथेही केवळ हद्दीमुळे शेजाऱ्यांना वेगवेगळ्या जिल्ह्यांचे आकडे चिकटतात.

नव्या शाळा कोणत्या तालुक्यात हव्यात, हे ठरवताना मी तालुक्याचाच आकडा मागेन. आम्हाला मात्र एका मुलीला ताळेबंद जमतो का, एवढेच पाहायचे होते आणि ते तिला अर्धा तास समोर बसवून कळले असते. पुढच्या बैठकीत मी तो अर्ज पुन्हा काढायला लावला, तोवर तिने दुसरीकडे काम धरले होते.