जात्याला टाकी: आमची वाटचाल

आमच्या धंद्याला आधी पाटी नव्हती, हाळी होती. “टाकीऽऽ, पाट्याला-जात्याला टाकीऽऽ!” टाकी लावायची म्हणजे वापरून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचा. त्यासाठी आजोबा लालबाग-परळच्या चाळींतून फिरायचे. खांद्याला पिशवी, तिच्यात हातोडी आणि तीन छिन्न्या. 1982 चा गिरणी संप झाला, कितीतरी बिऱ्हाडं गावी गेली. पुढे घरोघरी मिक्सर आले. वडिलांनी छिन्न्या गुंडाळल्या आणि बांधकामावर जाऊ लागले.

त्या छिन्न्या मी माळ्यावरून काढल्या. नाचणी, भाजणी, डाळ घरच्या घरी दळायला-भरडायला लोक पुन्हा जातं शोधत होते. पहिले दहा नग एका व्यापाऱ्याकडून तयार आणले. आठवड्यात एका काकूंचा फोन: “दादा, भाकरी कचकच लागतेय रे.” दगडच ठिसूळ होता. दहाही जणांचे पैसे परत केले. वडील एवढंच म्हणाले, “दगड आधी वाजवून बघायचा.” चांगला काळा पाषाण टोल्याला खणखणतो, आत चीर असली की बद्द आवाज येतो. आजही न वाजवता दगड आमच्या गाळ्यात येत नाही.

पण जात्याचा जीव टाकीत असतो. दोन्ही तळ्यांच्या, म्हणजे जात्याच्या वरच्या-खालच्या दगडांच्या, आतल्या अंगाला छिन्नीने बारीक-बारीक टिंबं पाडायची, हात सारखाच पडला पाहिजे. घाव खोल गेला तर पीठ जाडंभरडं येतं, उथळ राहिला तर दाणा नुसता घसरतो. वडिलांचा हात बघावा! टिकटिक थांबली की तळहात फिरवतात, आणि जिथे दगड गुळगुळीत लागतो तिथेच पुन्हा छिन्नी टेकवतात. डाळ भरडायची असेल तर खिळ्याशी चिंधी घालून वरची तळी किंचित उचलायची, हेही आम्ही गिऱ्हाइकाला हाताने करून दाखवतो. नव्या जात्यात आधी कोंडा किंवा जुने तांदूळ दळून टाकून द्यायचे, म्हणजे दगडाची भुकटी निघून जाते.

लग्नसराईत हळद दळायला जातं भाड्याने नेतात. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधलेलं जातं परत आलं की वडील ती गाठ स्वतः सोडतात, दुसऱ्या कुणाला सोडू देत नाहीत.

आमच्याकडून घेतलेल्या जात्याला टाकी लावायला आम्हीच घरी येतो. लिफ्ट नसली तरी येतो. जातं तेवढं हलवू नका, आम्ही आल्यावर उचलू.