लेंडी कोणत्या महिन्याची?

रोपवाटिकेत भर दुपारी कुणीतरी लेंडीखताची पिशवी उघडून पाहतं आणि विचारतं, "मागच्या वेळी चांगलं काळं होतं, आता तपकिरी कसं? भेसळ आहे का?" भेसळ नसते. महिना बदललेला असतो.

वैशाखात माळावर गवत उरलेलं नसतं. मग शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरी-बाभळीचा पाला ओरबाडते आणि खाली पडलेल्या शेंगा वेचते. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. ते पोटात प्रथिनं धरून ठेवतं, म्हणून नत्राचा मोठा वाटा मुताऐवजी लेंडीतून बाहेर पडतो. मुतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, लेंडीतलं टिकतं. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, शेळ्या-मेंढ्यांच्या खतात तीनच्या आसपास. मेंढरं रानात बसवून घ्यायला शेतकरी उगीच धान्य मोजत नाही.

पण ही उन्हाळी लेंडी बारीक आणि गोटीसारखी टणक. कुंडीत तशीच टाकली तर कित्येक महिन्यांनी तशीच हाताला लागते. ती ओली करून सावलीत ढीग लावावा, दर पंधरवड्याला उलथावा, तीन-चार महिने धीर धरावा. मुठीत दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये, एवढाच ओलावा.

मग मृग बरसतो. आठवडाभरात लुसलुशीत कोंब वर येतात, त्यात पाणीच जास्त, तंतू नावाला. शेळीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना मात्र कालपर्यंत कडब्याची सवय. नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला त्यांना दोनेक आठवडे लागतात, आणि मालक पहिल्याच दिवशी कळप सकाळपासून सोडतो! संध्याकाळी लेंड्यांऐवजी चिकट गोळे, शेपट्या बरबटलेल्या. खरं तर सोडण्याआधी थोडी कडब्याची कुट्टी घालावी, पहिले काही दिवस तास-दोन तासच चारावं, तेही दव उतरल्यावर. ओल्या पात्यावर जंतांच्या अळ्या वर चढून बसलेल्या असतात. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होऊन येणाऱ्या रोगाची, लस पाऊस सुरू होण्याआधीच टोचलेली हवी. हिरवं खाऊन शेळी तडकाफडकी गेली, की मग डॉक्टरला फोन करून काय उपयोग?

लेंडी बघून सगळं कळतं असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. रक्त पिणारा जठरातला जंत पुष्कळदा हगवण लावतच नाही. लेंडी सुबक, बांधीव. आणि पापणी उलटून पाहावी तर आत पांढरीफटक. जबड्याखाली सूज दिसेपर्यंत थांबणारे थांबतात.

मार्गशीर्ष-पौषातली लेंडी मात्र देखणी. तुरीचा पाला, हरभऱ्याचा भुसा खाऊन ती काळी, चकचकीत आणि सुटी सुटी पडते. पिंपळीला लेंडीपिंपळी म्हणणाऱ्याने ती नक्कीच हिवाळ्यात पाहिली असावी. या दिवसांत धोका खळ्यावर. शेळी ज्वारीच्या राशीत शिरली की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं आणि मागून आंबूस वासाची पातळ धार.

राहिल्या शेंगांमधल्या बिया. काही रवंथ करताना थुंकल्या जातात, काही लेंडीतून सहीसलामत बाहेर येतात. पोटातून जाऊन आलेलं बाभळीचं बी लवकर रुजतं, म्हणून लावणीसाठी ते गोठ्यातून वेचतात. वेड्या बाभळीचंही तसंच, फक्त ते कुणी वेचत नाही. घरगुती ढिगाच्या उबेने सगळं बी मरत नाही. चौथ्या मजल्यावरच्या गुलाबाच्या कुंडीत कधीतरी पिसासारखं पान डोकावतं. कौतुक न करता लगेच उपटावं. वर बोटभर दिसतं तेव्हा खाली मूळ वीतभर गेलेलं असतं.