जिन्याखालच्या काकू

गुरुवार, म्हणजे दुपारी वीज नाही. पंखा बंद, पलीकडच्या बांधकामाची खडखड आणि लॅपटॉपच्या बॅटरीत ५२ टक्के. मावसभावाच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी जावाएफएक्समध्ये (जावा भाषेत खिडक्या-बटणं बनवायचा संच) बिलिंगचं एक छोटं ॲप करतोय. बिल्ड झाला, म्हणजे कोडचं चालणारं ॲप बनलं, ते उघडलं, खिळ्यांचं नमुना बिलही निघालं. फक्त बिल्ड होताना एक वॉर्निंग आली आणि ॲप उघडताना दुसरी.

ऑफिसातली तरुण मंडळी वॉर्निंग वाचत नाहीत. "सर, एरर नाहीये ना? चालतंय की मग!" मला ते जमत नाही. गॅस बंद केलाय हे पक्कं ठाऊक असूनही अर्धा जिना उतरून परत वर जाणाऱ्यांतला मी.

ॲप उघडतानाची वॉर्निंग लगेच मिटली. जावाएफएक्सचे क्लास (कोडचे तुकडे) 'अननेम्ड मॉड्यूल'मधून, म्हणजे बिननावाच्या गटातून आले, अशी तिची तक्रार. जार, म्हणजे क्लास बांधून ठेवलेल्या फायली, क्लासपाथ या जुन्या यादीत पडले होते, ते मॉड्यूलपाथ या नव्या यादीत नेले. बिल्डमधली मात्र चिवट. वर-खाली चांदण्यांची रांग आणि मध्ये मजकूर, की अमुक जारचं मॉड्यूल-नाव फाईलच्या नावावरून धरलंय, कृपया हा प्रकल्प सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकू नका! एरवी तोडून बोलणारं मेव्हन (बिल्ड करून देणारं साधन) चक्क 'कृपया' म्हणतं, तेव्हा मी जरा सावरून बसतो.

२०१७च्या सप्टेंबरात जावा ९ आलं आणि कुठल्या मॉड्यूलला कोण लागतं, कुणाला आत येऊ द्यायचं, हे मॉड्यूल-इन्फो नावाच्या फाईलमध्ये लिहून देणं आलं. ज्या जुन्या जारनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, त्यांना फाईलच्या नावावरूनच हाक मारायची. आवृत्तीचा आकडा गाळायचा, आडव्या रेघेच्या जागी टिंब द्यायचं, झालं बारसं. उद्या कुणी फाईलचं नाव बदललं, की हाकेला ओ द्यायला कुणी नाही.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात सगळ्यांची नावं अशीच पडलेली होती. माडीवरचे, विहिरीकडचे, बोळातले. आणि जिन्याखालच्या काकू. खोली एवढीशी, छत तिरकं. आम्ही पोरं धडधडत जिना उतरलो की त्यांच्या डब्यांवर माती पडायची. त्या आतून नुसतं "हळू रे" म्हणायच्या. वॉर्निंगच ती, आम्ही कशाला ऐकतोय!

चौकात उभं राहून "काकू!" अशी हाक मारली, की जी दारं आधी लागायची त्यातली काकू बाहेर यायची. जुना क्लासपाथ अगदी असाच. एकाच नावाचे दोन क्लास असले तर यादीत जो आधी सापडेल तो खरा. आईने साखर मागायला माडीवरच्यांकडे पाठवावं आणि वाटी भरून द्यावी जिन्याखालच्यांनी, असं कितीदा तरी झालं. ती साखर परत कुणाला करायची, यावर घरात चर्चा व्हायची. बहुतेक वेळा ती माडीवर जायची.

असो. बिल्डच्या वॉर्निंगमधल्या त्या जारची नवी आवृत्ती मोबाईलच्या नेटवर उतरवून घेतली. तिच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जारमधल्या माहितीच्या फाईलमध्ये, लेखकाने ऑटोमॅटिक-मॉड्यूल-नेमची, स्वतःचं नाव सांगणारी एक ओळ घातली होती. एवढीच, एक ओळ. चांदण्या गेल्या. ॲपला लागेल तेवढाच जावा बांधून देणारं जेलिंक अजून अडून बसलंय. त्याला असली ऑटोमॅटिक मॉड्यूल चालतच नाहीत, पूर्ण मॉड्यूल-इन्फो असलेलीच लागतात. ते पुढच्या गुरुवारी.

बॅटरी १९ टक्क्यांवर आली तेव्हा लॅपटॉप मिटला आणि कपाटातून बाबांची वाड्याची फाईल काढली. वाडा पाडायचं ठरलं तेव्हाच्या करारनाम्याची झेरॉक्स तिच्यात आहे, मागे भाडेकरूंची यादी. माडीवरचे तिसरे, आम्ही पाचवे. जिन्याखालच्या खोलीपुढे काकूंच्या यजमानांचं नाव, माझ्या जन्माआधीच गेलेल्या यजमानांचं. पुढे 'यांची पत्नी'.

आईला फोन लावला.

"अगं, जिन्याखालच्या काकूंचं नाव काय होतं?"

"जिन्याखालच्या ना?" ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. "थांब हं. आठवलं की करते फोन."

साडेपाचला वीज आली. रात्री दहापर्यंत फोन जवळ घेऊन बसलो होतो.